गल्ल्यावर बसणाऱ्या मुलीचा वाटा

प्रश्न: महालातलं आमचं दुकान आजोबांनी १९६१ साली भाड्याच्या जागेत सुरू केलं. पुढे पूजेचं साहित्य, मागे बेकरीची भट्टी. आजोबा १९८८ मध्ये गेले. आजी आधीच गेली होती आणि बाबा एकुलते एक. २००८ मध्ये बाबांनी दादाला निम्म्या भागीदारीत घेतलं. माझं सासर नंदनवनला. गेली चौदा वर्षं मी रोज साडेदहा ते पाच पूजेच्या काउंटरवर बसते. बाबांना जाऊन दोन वर्षं आठ महिने झाले, मृत्युपत्र नाही. दादानं बेकरीचा परवाना आणि जीएसटी स्वतःच्या नावावर करून घेतलं, दुकानाच्या नावाच्या ट्रेडमार्कसाठीही स्वतःच्या नावानं अर्ज केला. आता राखीला येशील तेव्हा हक्कसोडपत्रावर सही कर म्हणतो. आई त्याच्याकडे असते. मला दुकान बंद पाडायचं नाही, पण माझा निम्मा वाटा मला हवा. काय करू? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: ताई, सही करू नका. राखीला नको, भाऊबिजेला नको, आणि ‘नुसता कागद आहे’ असं कोणी म्हटलं तरी नको. हक्कसोडपत्राची नोंदणी झाली की ते रद्द करून घेण्यासाठी फसवणूक झाली किंवा दबाव आला हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. ‘दादा, वाचून सांगते’ एवढं म्हणून कागद घरी आणा.

दुसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, पण आत्ताच ऐकलेली बरी. निम्मा वाटा तुम्हाला मिळणार नाही. भागीदारीत निम्मा हिस्सा दादाचा स्वतःचा आहे. उरलेला निम्मा बाबांचा, आणि बाबा मृत्युपत्र न करता गेल्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे तो आई, दादा आणि तुम्ही अशा तिघांत सारखा वाटला जातो. म्हणजे तुमचा सहावा हिस्सा, आईचा सहावा, बाकी दादाचा. मात्र हा सहावा हिस्सा पक्का आहे. तो दादाच्या मर्जीवर नाही आणि तुमच्या लग्नाशी त्याचा काहीही संबंध नाही.

ओळखीतले सगळे तुम्हाला ‘२००५ चा कायदा आला ना, आता मुलींना सारखा हक्क’ असं सांगत असतील. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली ती दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या जन्मसिद्ध हक्काबद्दल आहे. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात तो हक्क आणखी स्पष्ट केला. पण तुमचे आजोबा १९८८ मध्ये गेले. १९५६ नंतर आजोबांकडून वारसानं मुलाकडे आलेली मिळकत ही त्या मुलाची स्वतःची, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात म्हटलेलं आहे. आपण बोलताना ज्याला ‘वडिलोपार्जित’ म्हणतो ते कायद्याच्या भाषेत बऱ्याचदा वडिलोपार्जित नसतं. त्यामुळे तुमची बाजू २००५ वर उभी करायला जाऊ नका, समोरचा वकील तिथेच बोट घालेल. बाबांची मुलगी म्हणून कलम ८ चा जो हक्क आहे तो १९५६ पासूनचा आहे, आणि त्यात मुलगा-मुलगी असा फरक मुळातच नाही.

आता तारीख. तुमचं पत्र वाचताना माझी नजर ‘दोन वर्षं आठ महिने’ या शब्दांवर अडकली. भागीदार दोनच असले आणि त्यातला एक गेला की फर्म तिथेच संपते, कारण एकट्यानं भागीदारी होत नाही. करारात काहीही लिहिलेलं असो. विसर्जित फर्मचा हिशेब आणि नफ्यातला वाटा मागण्याची मुदत विसर्जनाच्या दिवसापासून तीन वर्षं आहे. म्हणजे तुमच्या हातात चार महिने उरलेत. ‘वर्षश्राद्ध होऊ दे’, ‘सणासुदीत विषय नको’ असं करत करत ही मुदत टळलेली बरीच घरं मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. कारण हक्क खरा असतो, फक्त दार बंद झालेलं असतं.

हिशेब न करता दादानं त्याच मालावर, त्याच भट्टीवर धंदा चालू ठेवला आहे. अशा वेळी भागीदारी कायद्याचं कलम ३७ वारसांना निवड देतं. बाबांच्या हिश्शाच्या वापरातून झालेला नफा मागा, किंवा त्या हिश्शाच्या रकमेवर सालीना सहा टक्के व्याज घ्या. ती निवड दादाची नाही, वारसांची आहे.

परवान्याला मात्र घाबरू नका. खाद्य परवानाधारक गेला तर तो परवाना त्याच्या वारसांसाठी नव्वद दिवस चालू राहतो, तेवढ्यात पुढची सोय करायची असते. दादानं परवाना घेतला नसता तर भट्टी बंद ठेवावी लागली असती, तेव्हा त्यात त्याची चूकही नाही. परवाना आणि जीएसटी नोंदणी ही सरकारपुढे जबाबदार कोण हे सांगते, मालक कोण हे नाही.

दुकानाचं नाव हा याहून मोठा विषय आहे. तुम्ही लिहिलंय की तान्ह्या पोळ्याला लोक तुमच्याकडूनच लाकडी नंदी नेतात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीला निघालेले मेणबत्त्यांचे पुडे घेतात, ताजबागला जाणारे लोबान घेतात. दिवाळीआधी मोहल्ल्यातल्या बायका घरून मैदा, पिठीसाखर, तूप आणतात आणि तुमच्या भट्टीवर नानकटाई भाजून डबे भरून नेतात. कायदा ज्याला नावलौकिक म्हणतो तो हाच. तो फर्मच्या मालमत्तेत मोडतो, हिशेबात त्याची किंमत धरावी लागते. एका भागीदारानं तो गुपचूप स्वतःच्या नावावर चढवायचा नसतो.

म्हणून ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्जाची स्थिती आजच बघा. अर्ज त्या कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला असेल तर त्या दिवसापासून चार महिन्यांत विरोध नोंदवावा लागतो, ही मुदत वाढवून मिळत नाही. अर्ज कुठल्या वर्गात आहे तेही पाहा. उदबत्ती तिसऱ्या वर्गात येते, मेणबत्ती चौथ्या, बेकरीचा माल तिसाव्या. एक ओळ नीट वाचा: ‘कधीपासून वापर’. दादानं तिथे १९६१ लिहिलं असेल, तर नाव त्याच्या जन्माआधीचं आहे हे त्यानंच कबूल केलं. नोंदणी होऊन गेली असली तरी रजिस्ट्रारकडे किंवा उच्च न्यायालयात ती दुरुस्त करून मागता येते.

जागेबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, आणि तुमची सगळ्यात भक्कम बाजू तिथेच आहे. भाडेपावती बाबांच्या नावानं होती असं धरतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात धंद्यासाठी दिलेल्या जागेचा भाडेकरू वारला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत तिथे धंदा करत असलेला कुटुंबातला सदस्य भाडेकरू ठरतो. तसा कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो. बाबा गेले त्या दिवशी तुम्ही काउंटरवर होता. घरमालक आता दादाच्या नावानं पावती देत असेल, तर तेवढ्यानं तुमचा हा हक्क पुसला जात नाही. भाडेकरारात तुमचंही नाव लागावं असं घरमालकाला लेखी कळवा, रजिस्टर्ड पोस्टानं.

हे सिद्ध करायला मोठा पुरावा लागत नाही. तुम्ही सांगितलंय की लक्ष्मीपूजनाला नव्या लाल वहीच्या पहिल्या पानावर बाबा ‘श्री’ तुमच्याकडून लिहून घ्यायचे, आणि उधारीची पानंही तुमच्याच हातची आहेत. चौदा वर्षांच्या चौदा वह्या म्हणजे चौदा साक्षीदार. त्याशिवाय कापूरवाल्याच्या, उदबत्तीवाल्याच्या बिलांवरच्या तुमच्या सह्या आणि काउंटरवरचे तारखेचे फोटो.

कोर्टात जायचं की नाही? माझं मत सांगतो. आधी वकिलामार्फत दादाला हिशेबाची नोटीस द्या, सौम्य भाषेत. भागीदारीचा वाद तीन लाखांवरचा असला तर तो व्यावसायिक न्यायालयाचा ठरू शकतो, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची असते. तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करतात आणि त्या प्रक्रियेत गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत. प्राधिकरणाकडून स्त्रियांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात चौकशी करा. चार महिन्यांतला पहिला महिना त्यासाठी ठेवा, त्याहून जास्त नको. दावा लावायची वेळ आलीच तर रिसीव्हर, म्हणजे दुकानाचा ताबा घेणारा कोर्टाचा माणूस, नेमा असं मागू नका. भट्टी पहाटे पेटवायची असते आणि पावाचं पीठ सरकारी कागदाची वाट बघत नाही. दुकान बंद पडलं तर तुमचा सहावा हिस्साही बंद पडेल. मालाची आणि यंत्रांची यादी करायला कोर्ट कमिशनर मागा, तेवढं पुरतं.

मध्यस्थीत पैशाऐवजी काम मागता येतं. पूजेचा काउंटर तुमच्याकडे, भट्टी दादाकडे, नाव दोघांचं, आणि ते कोणी कुठे वापरायचं याच्या अटी लेखी. उद्या दादानं मनीषनगरला बेकरी काढली तर काय, हेही त्यातच लिहा. आईचा सहावा हिस्सा तिच्याच नावानं, तिला दरमहा काय मिळणार त्या आकड्यासह लिहून घ्या. अशा वाटण्यांत आई ‘कोणाकडे राहते’ एवढाच विषय होतो, तिचा स्वतःचा हक्क कोणी बोलत नाही. तिला तुमच्या बाजूनं बोलायला लावू नका. ती दादाच्या घरात जेवते.

वह्यांचे फोटो उद्याच दुकानात बसून काढा, प्रत्येक पानाची तारीख दिसेल असे, पहिलं ‘श्री’चं पान धरून. मूळ वह्या घरी नेऊ नका. त्या फर्मच्या आहेत, आणि ‘बहिणीनं वह्या पळवल्या’ अशी तक्रार करायला दादाला संधी मिळेल.