एका भांडणावरून फ्रँचायझी जाते का?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही दोघांनी 2022 मध्ये एका आइस्क्रीम कंपनीची फ्रँचायझी घेतली, 6 लाख डिपॉझिट, करार 5 वर्षांचा. मागच्या महिन्यात काउंटरवरच्या पोराने गिऱ्हाइकाला शिवी दिली, व्हिडिओ सगळीकडे फिरला. पोराला दुसऱ्याच दिवशी काढलं. तरी नोटीस आली, गैरवर्तनामुळे करार रद्द, 15 दिवसांत बोर्ड उतरवा, डिपॉझिट जप्त, पुढची 2 वर्षं आइस्क्रीमचा धंदा करायचा नाही. उन्हाळ्यात माल येत नव्हता म्हणून दोनदा कोन बाहेरून आणले होते, तेही लिहिलंय. काय करू?
एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, आधी करारनामा काढा. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, 1872 चा करार कायदा आणि तुम्ही सही केलेला कागद यावरच सगळं चालतं. त्यात गैरवर्तन म्हणजे काय ते लिहिलंय का, चूक सुधारायला मुदत दिलीय का, आणि काहीच कारण न देता नुसती 30 किंवा 60 दिवसांची नोटीस देऊन करार संपवता येतो असं कलम आहे का, हे बघा.

हे शेवटचं कलम असेल तर मात्र अवघड आहे. सुप्रीम कोर्टाने 1990 मध्ये इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या केसमध्ये गॅस एजन्सी चुकीच्या पद्धतीने रद्द केली हे मान्य केलं, पण करार 30 दिवसांच्या नोटिशीवर संपवता येत होता म्हणून एजन्सी परत दिली नाही, 30 दिवसांचीच भरपाई दिली. तुमच्याबाबतीतही दुकान वाचण्यापेक्षा पैसे मिळण्याची शक्यता जास्त, हे मी आधीच सांगतो.

शिवीचं मला फार टेन्शन वाटत नाही, पोराला लगेच काढलंत ना, त्याचा कागद जोडा. खरी अडचण कोनची आहे, कारण बाहेरचा माल ब्रँडच्या नावाने विकणं हा मोठा भंग धरतात. पण माल येत नव्हता याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, ऑर्डरी, मेल असतील तर ते तुमच्या बाजूने बोलतील, म्हणून सगळं आजच सेव्ह करा, सीसीटीव्हीचं फुटेज पण, कारण ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. नोटिशीला 15 दिवसांच्या आत वकिलामार्फत लेखी उत्तर द्या आणि हिशोब मिटला असं लिहिलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका, प्लीज.

डिपॉझिट सरसकट जप्त करता येत नाही, करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे कंपनीला वाजवी भरपाईच मिळते, आकडा करारात लिहिला असला तरी. 2 वर्षांची बंदी करार संपल्यावर त्याच कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही, धंदा करण्यापासून रोखणारी अट ते कलम मानत नाही. फक्त त्यांचं नाव, रंग, बोर्ड, रेसिपी काही वापरू नका. करारात लवादाचं (कोर्टाऐवजी पंचाकडून वाद सोडवण्याचं) कलम असेल तर लवाद नेमण्याआधीच कोर्टात लवाद कायद्याच्या कलम 9 खाली तात्पुरता दिलासा मागता येतो, डिपॉझिटपुरता तरी मागाच, आणि त्यासाठी 15 दिवस संपायची वाट बघू नका.