लिव्हरची काळजी जरा बाजूला ठेवा, आधी पांढऱ्या पेशी बघा

तुम्ही लिहिलंय की घोडी दोन दिवस चंदीला तोंड लावत नाही, ताप १०३ फॅरनहाइट आहे, आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) ४.६ व एएसटी (एक एन्झाइम) ५२० बघून 'लिव्हर गेलं' अशी धास्ती बसलीय. रिपोर्ट मी दोनदा वाचला. माझं लक्ष लिव्हरवर नाही, वरच्या कोपऱ्यातल्या ३,८०० पांढऱ्या पेशींवर अडकलं. त्यावर येतोच.

आधी बिलिरुबिन. माणसाच्या रिपोर्टवर हा आकडा दिसला तर घाबरावं. घोड्याचं तसं नाही. तो एक-दोन दिवस उपाशी राहिला की लिव्हर रक्तातलं बिलिरुबिन नीट उचलत नाही आणि आकडा चढतो, कधीकधी डोळे-हिरड्याही पिवळट दिसतात. खायला लागला की आपोआप उतरतो. तुमच्या रिपोर्टमध्ये डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे लिव्हरने प्रक्रिया केलेला वाटा, फक्त ०.४ आहे. पित्त अडलं असतं तर हा वाटा मोठा असता आणि जीजीटी हे पित्तमार्गाचं एन्झाइमही वाढलं असतं. ते १८ आहे, म्हणजे व्यवस्थित.

एएसटी लिव्हरमध्ये असतं तसं स्नायूंतही असतं. म्हणून त्याच्या शेजारी सीके हे दुसरं एन्झाइम बघायचं. ते ९०० आहे, म्हणजे चढलेलं, आणि सीके स्नायूंचं आहे, लिव्हरचं नव्हे. मानेत इंजेक्शनं झाली होती असं तुम्हीच लिहिलंय, घोडी बराच वेळ आडवी पडून होती असंही. एवढ्याने हे दोन्ही आकडे हलतात. सीके लवकर खाली येतं, एएसटी मात्र बरेच दिवस रेंगाळतं, त्यामुळे पुढच्या रिपोर्टमध्ये ते चढलेलंच दिसलं तर दचकू नका.

आता पांढऱ्या पेशी. साधारण साडेपाच हजारांच्या खाली गेल्या की कमी समजतात. ताप आहे म्हणजे त्या वाढायला हव्यात असं आपल्याला वाटतं, पण जोरदार जिवाणू संसर्गाच्या सुरुवातीला, विशेषतः आतड्यातून विष रक्तात उतरत असेल तर, या पेशी रक्तातून निघून सुजलेल्या जागी धावतात आणि मोजणीत तुटवडा दिसतो. काही विषाणूंनीही असं होतं. म्हणून डॉक्टरांना विचारा: स्लाइडवर न्यूट्रोफिलमध्ये (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत) कच्च्या, 'बँड' पेशी दिसल्या का? नुसत्या आकड्यापेक्षा हे उत्तर जास्त कामाचं. फायब्रिनोजेन (सूज आली की रक्तात वाढणारं प्रोटीन) ३०० म्हणजे नॉर्मल, पण त्यावर विसंबू नका. ते वाढायला एक-दोन दिवस घेतं आणि तुमचा नमुना आजाराच्या सुरुवातीचाच आहे. एसएए ही सुजेचीच दुसरी चाचणी होत असेल तर करून घ्या, ते काही तासांतच चढतं.

दुसरी खटकणारी जोडी: पीसीव्ही (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) ४९ आणि टोटल प्रोटीन ६.२. अंगातलं पाणी कमी झालं तर दोन्ही वर जातात. इथे एक वर, दुसरं खालच्या अंगाला. याचा एक निरुपद्रवी अर्थ असा की सुई बघून घोडी बिथरली असेल. घोड्याची प्लीहा तांबड्या पेशींचा मोठा साठा धरून असते आणि घाबरला की तो रक्तात सोडते. माझ्या एका घोड्याचा पीसीव्ही यामुळे ५८ आला होता, तासाभराने शांत असताना ४१. दुसरा अर्थ वाईट: आतड्याच्या सुजेतून प्रोटीन गळतंय. पांढऱ्या पेशी आणि ताप बघता मी हा दुसरा अर्थ डोक्यात ठेवीन. लीद अजून घट्ट असली तरी जुलाब नंतर सुरू होऊ शकतात.

म्हणून आज डॉक्टरांना फोन करून २४ तासांनी पुन्हा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि प्रोटीन मागा. तोवर घोडीला इतर जनावरांपासून वेगळं ठेवा, तिची बादली-खराराही वेगळा. स्वतःच्या मनाने वेदनाशामक देऊ नका. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) १.९ आहे, म्हणजे वरच्या टोकाला, आणि पाणी कमी असताना फ्लुनिक्सिन किंवा ब्युटसारखं वेदनाशामक किडनीला भोवतं. दर काही तासांनी हिरड्यांचा रंग बघा आणि खुरांवर हात ठेवा. हिरड्या जांभळट झाल्या, खूर गरम लागले, खुरामागची नाडी ठणठणत असली किंवा जुलाब लागले, तर रात्र असली तरी डॉक्टरांना बोलवा.

उद्याचा रिपोर्ट आला की दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी शेजारी टाका, आणि नमुना घेताना घोडी शांत होती की उधळलेली तेही लिहा.