वाचक विचारतात : मागं उभा राहणारा बेसवाला

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेलो होतो की, सोलापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात मी 22 वर्षं बेस गिटार वाजवली, म्हणजे गाण्याचे खालचे, जाड स्वर धरणारी चार तारांची गिटार. एरवी पत्रं येतात ती गायकांबद्दल आणि ढोलकीबद्दल. या वेळी बेसबद्दल आली आणि वाचताना मला भरून आलं. त्यातल्या पाच पत्रांना उत्तर देतो.

काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्र म्हणतात, ‘गाण्यातला बेस ऐक.’ मी मोबाइलवर ऐकतो, पण मला गाणारा आणि ड्रम एवढंच कळतं. माझ्या कानात काही कमी आहे का? आणि तुमच्या आवडत्या बेसलाइन कोणत्या?
— एक विद्यार्थी, विजापूर रोड

बाळा, तुझे कान ठणठणीत आहेत. बेस गिटारची सगळ्यात जाड तार, म्हणजे ‘ई’, मोकळी छेडली की सेकंदाला साधारण 41 कंपनं होतात. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला तेवढी हवा हलवता येत नाही. त्या स्वराबरोबर उमटणारे वरचे बारीक स्वर तेवढे बाहेर पडतात आणि खालचा स्वर मेंदू अंदाजानं भरून घेतो. कानात घट्ट बसणारे साधे वायरचे इअरफोन घे आणि रात्री गल्ली शांत झाल्यावर ऐक.

सुरुवात मायकेल जॅक्सनच्या ‘बिली जीन’पासून कर. 1982 च्या ‘थ्रिलर’ अल्बममधलं गाणं, बेस लुई जॉन्सनचा. चार ठोक्यांत आठ स्वर, एकही जागा रिकामी नाही आणि बहुतेक गाणंभर तीच चाल. आमचं घर पूर्व भागात. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि खालच्या खोलीत वडिलांचे चार यंत्रमाग. नवी पेठेतून आणलेल्या कॅसेटवर हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खाली माग चालू होते. धोटा या टोकाकडून त्या टोकाला जातो, परत येतो, थांबत नाही. तो बेस मला तसाच लागला. वडील वर आले, दोन मिनिटं दारात उभे राहिले आणि म्हणाले, “ह्याचा माग चांगला लागलाय.” याहून मोठी दाद मी बेसला मिळालेली ऐकली नाही.

त्याच्या अगदी उलट क्वीनचं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’, 1980 चं. गाणं लिहिलं बँडचा बेसवाला जॉन डीकन यानं. खालच्या ‘ई’वर तीन ठोके आणि मग जागा सोडलेली. तिथं फक्त ड्रम. त्या मोकळ्या जागेत मान आपोआप हलते. नवशिका बेसवाला ती जागा हमखास भरतो, मीही भरायचो. आमचे ड्रमवाले वयानं मोठे होते. त्यांनी तालमीत माझा उजवा हात धरून ठेवला आणि म्हणाले, “आता हितं गप.” सोडलेल्या जागेलाही वजन असतं हे मला त्या दिवशी कळलं.

पण सगळ्यात आवडती एकच सांग म्हणशील, तर मार्विन गेचं ‘व्हॉट्स गोइंग ऑन’, 1971 चं. बेस जेम्स जेमर्सनचा. हा अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा वादक. तिथला स्टुडिओ म्हणजे एक राहतं घर होतं. साठच्या दशकात तिथं झालेल्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत याचाच बेस आहे. टेम्पटेशन्सच्या ‘माय गर्ल’मध्ये सुरुवातीला एकटा बेस बोलतो आणि मग गिटार येते, तो बेसही याचाच. उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा, तर्जनीनं. तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मध्ये तो गायकाच्या मागं चालत नाही, शेजारून चालतो. गायक स्वर लांबवतो तेव्हा हा दोन पावलं पुढं जाऊन बघून येतो, गायक बोलायला लागला की हा खाली बसतो. तीच ओळ पुन्हा येते, पण याचं पाऊल आधीच्याच जागी पडेल असं नाही. मी ते गाणं किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही.

आणि एक गोष्ट मनाला लागते. इतकी वर्षं वाजवून मोटाउनच्या रेकॉर्डवर त्याचं नाव नव्हतं. ते छापलं गेलं याच 1971 च्या रेकॉर्डवर. 1983 मध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी तो गेला. आमच्याकडंही निवेदक गायकांची नावं दोन-दोनदा घ्यायचे, ढोलकीवाल्याला टाळ्या मागायचे आणि शेवटी “व इतर साथीदार” म्हणायचे. त्या ‘इतर’मध्ये मी 22 वर्षं होतो. म्हणून सांगतो, गाणं आवडलं की बेस कुणी वाजवलाय ते शोध आणि नाव लक्षात ठेव.

नमस्कार दादा. माझा मुलगा नववीत आहे. त्याला बेसच शिकायचाय. चार तारांचं ते अर्धं वाद्य घेण्यापेक्षा सहा तारांची गिटार शिकलेली बरी ना?
— एक आई, जुळे सोलापूर

ताई, ते अर्धं वाद्य नाही. तारा चारच, पण गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा पूर्ण एक सप्तक खाली. आणि मान लांब. नेहमीच्या बेसवर मोकळ्या तारेची लांबी 34 इंच असते. नववीतल्या मुलाची बोटं सुरुवातीला दुखतील, म्हणून रोज अर्धा तास पुरे. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी आधी गिटारवालाच होता. 1961 मध्ये त्यांच्या बेसवाल्यानं बँड सोडला आणि ती जागा याच्याकडं आली. पुढं 1969 च्या ‘समथिंग’मध्ये, जॉर्ज हॅरिसनच्या गाण्यात, त्यानं असा बेस वाजवला की मूळ चालीशेजारी दुसरी चाल ऐकू येते.

पहिलं गाणं म्हणून बेन ई. किंगचं ‘स्टँड बाय मी’ द्या, 1961 चं. चारच कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुड्या), सावकाश चाल, आणि गाणं बेसनंच ओळखू येतं.

अँप्लिफायर लगेच घेऊ नका. बेसचं डोकं, खुंट्या असतात ते टोक, लाकडी कपाटाला हलकं टेकवून वाजवायला सांगा. अख्खं कपाट बोलतं. मी पहिली दोन वर्षं आईच्या सागवानी कपाटावर काढली. आतली स्टीलची भांडी तेवढी काढून ठेवा, फार खणखणतात.

मी मिलमधून निवृत्त झालेला माणूस. भजनात तबला वाजवतो. नातू इंग्रजी गाणी ऐकवतो. मला त्यात आपलं काय सापडेल?
— एक आजोबा, भवानी पेठ

आजोबा, तुम्हाला सगळ्यात आधी सापडेल. तुमचा डग्गा म्हणजेच बेस. डाव्या हाताचं मनगट दाबून तुम्ही घुमारा वर नेता, तेच बेसवाला तारेवर बोट सरकवून करतो. नातवाला लू रीडचं ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ लावायला सांगा, 1972 चं. हर्बी फ्लॉवर्स या एकाच वादकानं त्यात आधी उभा मोठा बेस वाजवला आणि त्यावर पुन्हा बेस गिटार वाजवली. दोन्ही मिळून सरकतात तेव्हा डग्ग्याची मींड आठवते.

मग पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ लावा, 1973 चं, बेस रॉजर वॉटर्सचा. नातवाला काही न सांगता मात्रा मोजा. सात येतील. आपला रूपक सातचाच. विभाग रूपकासारखे 3-2-2 पडतीलच असं नाही, तरी सम चुकणार नाही. सॅक्सोफोनही सातातच वाजतो, पण पुढं गिटार सुरू होते तिथं गाणं चारात जातं. ती जागा तुम्ही नातवाच्या आधी पकडाल, आणि मला तुमच्या घरातला तो क्षण बघायला फार आवडेल.

हिंदीत आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातले बेसवाले टोनी वाझ यांचं नाव नातवाला सांगून ठेवा. चरणजित सिंग यांचंही. रोलँड कंपनीनं बेसवाल्याच्या जागी वाजावं म्हणून टीबी-303 नावाचं छोटं यंत्र काढलं होतं. चरणजितजींनी 1982 मध्ये तेच यंत्र घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. भैरवसुद्धा आहे त्यात.

बेस काढून टाकला तर गाण्याला खरंच काही फरक पडतो?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

पडतो. एका जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, आमचा कार्यक्रम होता. दुसऱ्याच गाण्यात माझ्या अँप्लिफायरचा फ्यूज उडाला. गायक गात होता, ड्रम, कीबोर्ड सगळं चालू होतं. तरी समोर नाचणारी पोरं चार ओळींत मंदावली, मग थांबली आणि एकमेकांकडं बघायला लागली. काय गेलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. फ्यूज बदलून मी पहिला स्वर लावला आणि पुढच्या रांगेतून शिट्टी आली.

मुद्दाम बेस न घेता केलेली मोठी गाणीही आहेत, हेही खरं. प्रिन्सच्या 1984 च्या ‘व्हेन डव्ह्ज क्राय’मध्ये बेस नाही. त्या गाण्याला अधांतरी वाटायचंच आहे, आणि ते काम फत्ते झालंय. पण व्हाइट स्ट्राइप्सचं ‘सेव्हन नेशन आर्मी’ ज्यांना बेसचं गाणं वाटतं त्यांनी नीट ऐका. ती गिटार आहे, पायाशी ठेवलेल्या पेडलनं एक सप्तक खाली उतरवलेली.

तुमची ती बेस गिटार आता कुठं आहे?
— ऑर्केस्ट्राचा एक जुना श्रोता, कन्ना चौक

घरीच आहे. माग विकले, बेस विकला नाही. खंडेनवमीला वडिलांच्या शेवटच्या धोट्याशेजारी तिला ठेवतो, हळदकुंकू वाहतो, झेंडू ठेवतो. तारा जुन्याच आहेत, आवाज जरा बसकाच येतो आणि मला तोच आवडतो. नात सहा वर्षांची आहे. तिला बेस उचलत नाही, म्हणून मी कपाटाला टेकवून धरतो, ती ‘ई’ तार ओढते आणि धावत जाऊन कपाटाच्या दाराला कान लावते.