वय 44, नंबर -2.5, वाचताना चष्मा काढावा लागतो. बायफोकल (वर लांबचा, खाली वाचायचा, अशा दोन नंबरांची काच) घेऊ की प्रोग्रेसिव्ह (रेघ नसलेली, वरून खाली नंबर हळूहळू बदलत जाणारी काच)?

आधी हे बघा, की चष्मा काढून वाचता येत असेल तर घाई कसली? -2.5 नंबरवाल्याला चष्म्याशिवाय साधारण 40 सेंटीमीटरवरचं स्वच्छ दिसतं, म्हणजे पुस्तक धरतो तेवढ्या अंतरावरचं. फुकटची सोय आहे ती! (दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा नसेल किंवा सिलिंडर (तिरका नंबर) जास्त असेल, तर मात्र जमत नाही.)

पण दिवसभर मीटिंगमध्ये एकदा फळ्याकडे, एकदा वहीकडे बघायचं असेल तर प्रोग्रेसिव्हच घ्या. बायफोकलमध्ये कॉम्प्युटरचं मधलं अंतर नीट मिळत नाही, शिवाय काचेवर रेघ दिसते ती वेगळीच.

प्रोग्रेसिव्ह बिघडतो तो बहुतेक वेळा मापात. फ्रेम तुमच्या नाकावर नीट बसवून, समोर बघायला सांगून, दुकानदाराने डमी काचेवर डोळ्याच्या बाहुलीसमोर पेनाने खूण केली पाहिजे, दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी. तो नुसता कागदावरचा नंबर उतरवून घेत असेल तर सरळ दुसरं दुकान गाठा. फ्रेमही फार बुटकी नको, वाचायचा भाग कापला जातो.

सुरुवातीला कडेचं अंधुक दिसेल, जिना उतरताना पायरी हलल्यासारखी वाटेल. तिथे हनुवटी खाली घेऊन बघायचं. दोनेक आठवड्यांत सवय होते. नाही झाली तर माप पुन्हा तपासून घ्या.

आणि नंबर दुकानात काढला तरी चाळिशीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्याचा दाब आणि पडदा एकदा तपासून घ्याच. काचबिंदू सुरुवातीला कळत नाही.