नोकरी गेलेला नवरा गप्प झाला आहे: थेट विचारावे का?

न्यू जर्सीतील एका वाचक भगिनीने लिहिले आहे की एच-१बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर असलेल्या पतीची नोकरी गेल्यापासून त्यांची झोप उडाली आहे, पिणे वाढले आहे आणि परवा ते ‘मी नसलो तर विम्याच्या पैशांत तुमचं नीट भागेल’ असे अगदी शांतपणे म्हणाले. हा नुसता वैताग समजावा, की विचारावे? विचारल्याने नको तो विचार डोक्यात भरवला, असे तर होणार नाही ना?

ताई, विचारावे, आणि आजच विचारावे. थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात रुजतो, ही समजूत खरी नाही. उलट एकट्याने दाबून ठेवलेले बोलायला त्यामुळे वाट मिळते. ‘वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?’ असे मात्र विचारू नये, कारण त्या प्रश्नातच ‘नाही’ हे उत्तर दडलेले असते. ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असे स्पष्ट विचारावे आणि मग ऐकावे. ‘मुलांकडे तरी बघ’ हे चांगल्या हेतूने म्हटलेले वाक्यही त्या क्षणी अपराधीपणात भर घालते.

अमेरिकेत आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंचे पुरुषांमधील प्रमाण स्त्रियांच्या सुमारे चौपट आहे. त्यामागे एकच कारण क्वचित असते. परंतु ‘कर्ता पुरुष’ म्हणून वाढवलेल्या माणसाला पगार थांबताच आपणच घरावर ओझे आहोत असे वाटू लागते आणि त्याचे नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून, दारूतून, अबोल्यातून दिसत असल्याने घरच्यांना तो स्वभावाचा भाग वाटतो. विम्याचे ते वाक्य म्हणूनच गंभीरपणे घ्यावे.

उत्तर ‘हो’ आले, तर त्यांना एकटे सोडू नये, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये आणि ९८८ या आत्महत्या प्रतिबंधक मदतवाहिनीवर दोघांनी मिळून फोन करावा. तो चोवीस तास चालतो आणि तेथे तुम्हालाही, म्हणजे काळजी करणाऱ्या माणसालाही, बोलता येते. जीव तातडीच्या धोक्यात असेल, तर ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. घरात बंदूक असल्यास ती काही काळ घराबाहेर सुरक्षित ठेवावी, औषधांचा साठाही कुलूपबंद करावा. जिवावर उठलेली तीव्र लाट पुष्कळदा ओसरते, आणि तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणे याने खरोखर जीव वाचतात. ब्रिटनमधील वाचकांसाठी ११६ १२३, ऑस्ट्रेलियातील वाचकांसाठी १३ ११ १४ हे मदतवाहिनीचे क्रमांक आहेत. कॅनडातही ९८८च आहे.

व्हिसाची भीती खोटी नाही. नोकरी सुटल्यावर अमेरिकेत राहण्यासाठी मिळणारी मुदत जास्तीत जास्त ६० दिवसांची असते, आणि आय-९४ (देशात राहण्याची मुदत दाखवणारी नोंद) त्याआधी संपत असेल तर त्याहूनही कमी. मात्र त्या मुदतीत नव्या कंपनीकडून अर्ज होऊ शकतो किंवा व्हिसाचा प्रकार बदलण्यासाठी अर्ज करता येतो, हे इमिग्रेशन वकिलाकडून समजून घेण्याचे काम तुम्ही किंवा एखाद्या मित्राने अंगावर घ्यावे. ज्याला सकाळी उठणेही जड जाते, त्याच्यावर ते टाकू नये.

गावाकडे सासू-सासऱ्यांना काय सांगायचे, हे पतीला विचारून ठरवावे. परत जाण्याची वेळ आलीच, तर भारतात १४४१६ या टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, आणि येथे सुरू झालेले उपचार तेथे पुढे चालावेत म्हणून डॉक्टरांचे कागद सोबत न्यावेत.