कोल्हापूरच्या कळंबा तलावात उतरून पक्ष्यांची छायाचित्रे काढण्यासाठी कोणते वेडर (पाण्यात चालताना घालायची जलरोधक विजार) घ्यावेत?

दुकानांत दिसणारे निओप्रीनचे (ऊब धरून ठेवणाऱ्या फोमसारख्या रबराचे) जाड वेडर परदेशातील थंडीत बदकांच्या शिकारीला जाणाऱ्यांसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद असली, तरी पाण्यातून पक्ष्यांपर्यंत पोहोचण्याची अडचण तीच आहे. कोल्हापूरच्या हवेत मात्र तीन ते पाच मिलिमीटर जाडीच्या निओप्रीनमध्ये डिसेंबरातही ऊन चढताच माणूस घामाने निथळतो, म्हणून घाम बाहेर जाऊ देणाऱ्या पातळ कापडाचे, छातीपर्यंतचे वेडर घ्यावेत.

खरा प्रश्न गाळाचा आहे. पाय पोटरीपर्यंत रुतला की वेडरलाच जोडलेला सैल गमबूट चिखलातच अडकतो आणि पाऊल त्यातून निसटू लागते. त्यामुळे पायमोज्यासारखे टोक असलेले वेडर घेऊन त्यावर नाडीचे, खोल खाचांच्या रबरी तळव्याचे बूट घालणे मला अधिक योग्य वाटते. नमद्याचा (दाबून घट्ट केलेल्या तंतूंच्या जाड कापडाचा) तळवा ओल्या दगडावर उत्तम, चिखलात निरुपयोगी.

कमरेचा पट्टा बाहेरून घट्ट आवळल्याशिवाय कृपया पाण्यात उतरू नका, कारण तोल गेल्यास आत भरणारे पाणी तोच रोखून धरतो. हातात काठी ठेवून पुढची जमीन चाचपावी आणि मांडीच्या वर पाणी आले की मागे फिरावे.