भावाला विचारायचं का, आणि कसं?

ताई, तुमच्या ४४ वर्षांच्या भावाला मध्यम बौद्धिक अक्षमता आहे, जठराचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलाय आणि डॉक्टर फक्त तुमच्याशी बोलतात. त्याला विचारायचं का, सही कोणाची चालेल, हे तुमचे दोन प्रश्न.

विचारायचंच. पण ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ असं नको. त्या प्रश्नाचे छोटे तुकडे करा: घरी राहायचं की दवाखान्यात? रात्री जवळ कोण हवं? राइल्स ट्यूबबद्दल (नाकातून पोटात घालायची नळी) विचारताना सिस्टरकडून कोरी नळी मागून त्याच्या हातात द्या, चाचपू दे, नाकाला लावून बघू दे. एका वेळी एकच गोष्ट, तीही दुखणं आटोक्यात असताना. मॉर्फिनच्या गुंगीत नाही. आणि मरणाला मरणच म्हणा. ‘झोपी जाशील’ म्हटलंत तर तो रात्री झोपायलाच घाबरेल.

खरा घोळ ‘हो’मुळे होतो. जन्मभर मोठ्यांचं ऐकायची सवय, त्यामुळे काहीही विचारा, ‘हो’च. म्हणून सकाळी ‘घरी की दवाखान्यात?’ तर संध्याकाळी ‘दवाखान्यात की घरी?’ दोन्ही वेळा शेवटचाच शब्द परत आला, तर ते उत्तर धरू नका. दोन दिवसांनी दुसऱ्या कोणाला तरी विचारायला सांगा. तो बोलेल ते तारखेसह वहीत जसंच्या तसं उतरवा. ‘टोचू नको, आईच्या खोलीत’ याचं ‘उपचारांस नकार’ करून टाकू नका. सुईची भीती वेगळी, उपचार नको असणं वेगळं.

आता सहीचं. १८ वर्षांनंतर बहीण आपोआप कायदेशीर पालक होत नाही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो; वेळ लागतो, आजच करा. पालक झालात तरी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं मर्यादित पालकत्व म्हणजे दोघांनी मिळून ठरवणं. लिव्हिंग विलला (शेवटी कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणं) २०२३पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात, पण ‘सुदृढ मनाची प्रौढ व्यक्ती’ या अटीवर त्याचं विल अडू शकतं. विल नसेल तर जीवरक्षक उपचार थांबवायचा निर्णय प्रत्येकी तीन डॉक्टरांची दोन मंडळं जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने घेतात. तिथे ती वही कामाला येते. एक प्रत केसपेपरला लावून ठेवा.

फॉर्मवर उपचार न करण्याचं कारण ‘बौद्धिक अक्षमता’ असं लिहिलेलं दिसलं तर सही करू नका. तिथे आजाराचं कारण लिहून घ्या.